दारावरची सोयरा

बेळ्ळंदूरच्या त्या उंचच उंच इमारतीत, खराड्यांच्या नव्या फ्लॅटच्या दारावर पाटी लावायची, एवढंच काम होतं. एक पाटी, मागे चिकटपट्टी, दाबून धरायची, झालं. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी, एक वकील, दोन वर्तमानपत्रं आणि राज्य सरकार यांनी पडायचं काही कारण नव्हतं. पण पडले. मिक्सर दुरुस्त करणाराही पडला. तो कसा, ते विचारू नका. दारात गर्दी दिसली म्हणून आला आणि चहा पिऊन गेला.

पाटी करायला टाकली के. आर. पुरमच्या दुकानात. नंदकिशोरराव खराडे सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झाले, पण खरेदी अजून जुन्या क्वार्टर्सच्या बाजारातच करायची असा त्यांचा नियम. पाटीवाल्याने कीबोर्डवर बोटं ठेवली. नंदकिशोररावांनी आपलं नाव सांगितलं, इनिशियलसकट. मग पाटीवाल्याने बाईंकडे मान वळवली आणि म्हणाला, "निम्म हेसरु एनु, अक्का?" म्हणजे तुमचं नाव काय.

आता हा काय प्रश्न आहे? पण बाईंकडे बघून, बाईंना, बाईंचं नाव कोणी बऱ्याच वर्षांत विचारलं नव्हतं. 'मिसेस खराडे का?' विचारत, 'मुकुलच्या आई ना?' विचारत, आणि उत्तर त्यांच्या प्रश्नातच असे. या माणसाच्या प्रश्नात जागा रिकामी होती. बाईंनी तोंड उघडलं आणि आतून आलं, "सोयरा."

नंदकिशोररावांनी वळून मागे पाहिलं. त्यांना वाटलं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं.

तर ही सोयरा म्हणजे त्याच. निपाणीला बारशाच्या दिवशी आत्याने पाळण्यात वाकून, कुर्रर्र करून, कानात सांगितलेलं नाव. आत्याचा आवाज असा की कानात सांगितलेलं ते नाव तंबाखूच्या वखारीपर्यंत गेलं आणि तिथले दोन बसलेले बैल उठून उभे राहिले. निपाणीत अजून सांगतात. शाळेत ती सोयरा, खो-खोत सोयरा, भांडणात तर विशेषच सोयरा. मग लग्न झालं. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं. नाव सासरच्यांनी आधीच ठरवलेलं. नवरा नंदकिशोर म्हणजे कृष्ण, कृष्ण निळा, म्हणून सून नीलिमा. नाव ठेवलं बाईचं, तेही नवऱ्याच्या रंगावरून, आणि नंदकिशोरराव तर दह्यासारखे गोरे! दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला. सगळ्यांनी दोनदोनदा वाढून घेतला, नव्या सुनेने सुद्धा.

बरं, ज्या नवऱ्याने ते नाव लिहिलं, त्याने त्या नावाने तरी हाक मारावी? छे. 'अगं.' घाई असली तर 'अगं ए.' एवढ्यावर अडतीस वर्षं संसार झाला, मुलगा झाला, मुलाचं लग्न झालं.

"अगं, लोक काय म्हणतील?" नंदकिशोरराव दुकानातच कुजबुजले.

"वाचतील. पाटी वाचायलाच असते," सोयरा म्हणाली. "आणि अहो, माझं नाव वर घाला. तुमचं आधी सांगून झालंय, आता जरा बसा."

पितळी पाटी आली. वर सोयरा खराडे, खाली नंदकिशोर खराडे. सुनेने, शमिकाने, ती दारावर चिकटवली आणि फोटो काढला. मुलगा मुकुल कॉलवर होता. त्याने पाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, "कूल, आई" म्हणाला आणि परत कॉलवर गेला. एवढ्यावर भागायला हरकत नव्हती.

पण समोरच्या फ्लॅटमध्ये सुलभाताई राहत होत्या. मूळच्या पुण्याच्या. मुलगा आयटीत, म्हणून इथे. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोर पाटी. त्यांनी ती मोठ्याने वाचली, मग चष्मा लावून परत वाचली.

"कोण आलंय हो तुमच्याकडे?"

"कोणी नाही. मीच."

"तुम्ही तर नीलिमाताई."

"होते."

सुलभाताई दुधाची पिशवी हातात घेऊनच आत येऊन बसल्या. "ज्योतिषाने सांगितलं का? मला सांगा, मी कोणाला बोलणार नाही. नाही? मग अंकशास्त्र? माझ्या मावसजावेने नाव बदललं आणि महिन्यात मुलाचा व्हिसा झाला. तेही नाही? तब्येत वगैरे बरी आहे ना?" मग आवाज खाली उतरवून, "यांचं काही...?" असं म्हणत त्यांनी डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. आत नंदकिशोरराव दाढी करत होते.

"माझं नाव आहे हो ते. बारशाचं. परत लावलं."

"असं कसं, आपलं आपलं उगाच?" सुलभाताई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नाही. न पटलेली गोष्ट त्या कधी लक्षात ठेवत नसत.

संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन मतं तयार झाली. पहिलं, नीलिमाबाई ज्योतिषाच्या नादी लागल्या. दुसरं जास्त लोकप्रिय झालं: नंदकिशोररावांनी कोणीतरी आणली. गोरा माणूस, निवृत्त, पेन्शन आहे, वेळ आहे. आणि बाई बघा कशी, आल्याआल्या पाटीवर वर चढली! सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी नंदकिशोररावांना गुपचूप पुढची जागा दिली. लिफ्टमध्ये एका निवृत्त ब्रिगेडियरने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि काही न बोलता उतरून गेला. नंदकिशोररावांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी पाटीबद्दलची तक्रार एकदम बंद केली आणि नवे बूट आणले.

इथे सोयराला मात्र गेट लागलं.

या सोसायटीत माणूस आधी ॲपमध्ये असावा लागतो, मग तो घरात असू शकतो. सेक्रेटरी शेषगिरींनी पाटी पाहिली आणि तपासणीला माणूस पाठवला. त्याने टॅबवर टिपून नेलं: नीलिमा खराडे, ॲपमध्ये आहे, दारावर नाही. सोयरा खराडे, दारावर आहे, ॲपमध्ये नाही. मग ॲपने आपल्या बुद्धीने नीलिमाला बंद केलं आणि सोयराला उघडलं नाही. एका घरात दोन बायका झाल्या आणि दोघींनाही गेटवर आत घेईनात. निपाणीहून भावाने पाठवलेला मसाला दोनदा आला आणि दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा तो भावाने स्वतःच खाल्ला.

एके दुपारी सोयरा भाजी घेऊन आली तर वॉचमनने नम्रपणे अडवलं. "मॅडम, व्हिजिटर एंट्री मारावी लागेल. किससे मिलना है?"

"नवऱ्याला," सोयरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

वॉचमनने नंदकिशोररावांच्या फोनवर विचारणा पाठवली: पाहुणी आली आहे, सोडू का? नंदकिशोरराव जेवून आडवे झाले होते, चष्मा टीव्हीवर होता. फोन वाजला, त्यांनी चाचपडत बटण दाबलं. लाल.

"सरने डिनाय किया, मॅडम," वॉचमन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखरची सहानुभूती होती, तीच जास्त लागली. सोयरा गेटपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडीवर कोथिंबीर घेऊन बसून राहिली. येणारे-जाणारे बघत होते. एकीने तर थांबून सांगितलं, "धीर सोडू नका, कायदा बायकांच्या बाजूने आहे." अखेर शमिका ऑफिसातून आली आणि सासूला 'गेस्ट' म्हणून आत घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी शेषगिरी स्वतः आले. सज्जन माणूस. बँकेतून निवृत्त झालेले, आता सगळा जीव ॲपमध्ये ओतलेला. मराठी समजायची, बोलायचे सगळं मिसळून. "मॅडम, इदु सिंपल मॅटर. पाटी काढा, जुन्या नावाची पाटी लावा. स्वल्प अड्जस्ट माडी, थोडं जुळवून घ्या. नाहीतर त्या ज्या कोण सोयरा मॅडम, त्यांचा सरकारी पेपर आणा. ॲप पेपर मागतं, मी नाही मागत."

"मग पेपर आणते."

"पाटी काढायला दोन मिनिटं लागतात, मॅडम. पेपरला सहा महिने."

"सरी, ठीक आहे," सोयरा म्हणाली. "सहा महिने तर सहा महिने. अडतीस वर्षं काढली, त्यात हे कुठे मोजायचे?"

शेषगिरी गेले. नंदकिशोरराव म्हणाले, "अगं, पण एका नावासाठी एवढं?"

"तुमचं कोणी काढून घेतलं असतं तर?"

"माझं कोण कशाला काढून घेईल?"

"तेच म्हणते मी," सोयरा म्हणाली आणि कणीक अशी मळली की पोळ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहिल्या.

कोर्टाच्या आवारात, झाडाखाली, बसवंत वकील बसतात. निपाणीचं नाव ऐकल्यावर त्यांना आनंदाचं भरतं आलं. ते चिकोडीचे. अर्धा तास दोघांनी तिकडच्या वांग्यांची चौकशी केली, मग कामाला लागले.

"कारण काय लिहू, अक्का? लग्न?"

"झालंय."

"घटस्फोट?"

"अजून नाही," नंदकिशोरराव म्हणाले.

"धर्म बदलला? दत्तक गेलात? ग्रहमान?"

"काही नाही. माझं नाव आहे."

बसवंतांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, ते कारण नाही हो. ती वस्तुस्थिती आहे. सरकारला वस्तुस्थिती चालत नाही, कारण लागतं."

"मग लिहा, आठवण झाली."

बसवंतांनी 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं. सगळ्या वकिलांचं ते आवडतं कारण. मग नंदकिशोररावांकडे वळले. "सर, घरात तुम्ही यांना काय म्हणता? सगळी नावं यावी लागतात."

"अगं," नंदकिशोरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

टाइप करणाऱ्याने तेही घातलं. पहिला मसुदा हातात आला: नीलिमा उर्फ अगं उर्फ सोयरा. एखाद्या दरोडेखोर बाईला शोभेल असा. तो फाडला, दुसरा केला. मग वर्तमानपत्रात जाहिरात, एक कन्नडमध्ये, एक इंग्रजीत. कन्नड पेपरवाल्यांनी ती 'हरवले आहेत' आणि 'दुःखद निधन' यांच्या बरोबर मधे छापली, फोटोसकट. सकाळीच हुबळीहून नंदकिशोररावांच्या काकांचा फोन. काका वयाने फार मोठे, कानाने त्याहून.

"नीलिमा गेली म्हणे?"

नंदकिशोरराव अडखळायला लागले तसा सोयराने फोन ओढून घेतला. "हो काका, गेली. मी सोयरा बोलतेय." पलीकडे काहीतरी पडलं. नंतर कळलं, ते काकाच होते, पण गादीवर.

राजपत्रात नाव छापून आलं. सोयराने तो कागद देवापुढे ठेवला नाही. थेट फाइलमध्ये घातला, कारण त्यापुढे आधार कार्ड होतं, आणि तिथे देवाचं काही चालत नाही.

आधारचं केंद्र एचएसआर लेआउटमध्ये. बेळ्ळंदूरहून कावळा निघाला तर पाच मिनिटांत पोचेल. नवरा-बायकोला घेऊन रिक्षा निघाली. वाटेत शमिकासाठी घेतलेली दुधाची पिशवी सोयराच्या मांडीवर होती. रिंगरोडवर गाड्या अशा थिजल्या होत्या की पोचेपर्यंत दुधाचं दही लागलं, घट्ट, कवडी पडावी असं. रिक्षावाल्याने चव घेतली आणि विरजण म्हणून एक चमचा बांधून नेलं.

केंद्रात नावं पुकारत होते. हॉल भरलेला. सोयरा भिंतीकडच्या बाकावर बसली, फाइल मांडीवर, मान ताठ. शेजारी रायचूरची एक बाई भेटली. ती ज्वारीच्या भाकरीबद्दल काही चुकीचं बोलली, म्हणून सोयराला तिला दुरुस्त करणं भाग पडलं. तिकडे खिडकीतला माणूस पुकारत होता.

"सोयरा खराडे."

भाकरी थापताना पाणी किती लावायचं, हे चाललं होतं.

"सोयरा खराडे!"

"बघा," सोयरा रायचूरच्या बाईला म्हणाली, "लोकांना वेळेची किंमत नाही. तो बिचारा ओरडतोय आणि ही बाई कुठे पाय पसरून बसलीय कोण जाणे."

"सोयरा खराडे, लास्ट!"

"असल्या लोकांना सरळ घरी पाठवलं पाहिजे," सोयरा म्हणाली.

आणि त्यांनी पाठवलं. खिडकी जेवणासाठी बंद झाली, त्या दिवशीची नावं संपली. मग ती खिडकीशी जाऊन भांडली, की माझं नाव का नाही घेतलंत? आतल्या माणसाने तीनदा घेतलं म्हणून सांगितलं. रायचूरच्या बाईने मोठ्या मनाने साक्ष दिली, "हो अक्का, घेतलं. तुम्हीच त्यांना शिव्या दिल्यात." नंदकिशोररावांनी सुद्धा ऐकलं नव्हतं, कारण ते नाव त्यांच्याही कानाला माहीत नव्हतं. पण त्यांना ते सोयीस्करपणे विसरता आलं. परतीच्या वाटेवर ते हसत राहिले. रिंगरोडवर हसायला वेळ भरपूर मिळतो.

सोयरा हसली नाही. चिडलीही नाही. घरी आली आणि गॅलरीत बसली. तिला कोणी अडवलं असतं तर ती लढली असती. वॉचमन, शेषगिरी, राज्य सरकार, कोणीही येऊ दे. पण इथे अडवणारं कोणीच नव्हतं. कागदावर सोयरा होती, पाटीवर सोयरा होती, आणि भर हॉलमध्ये कोणी हाक मारली तर ओ द्यायला आत सोयराच नव्हती. तो भात तिने सुद्धा खाल्ला होता ना. शमिकाने चहा आणला तेव्हा ती म्हणाली, "शमिका, मी मेलेच असेन गं त्या पंगतीत. उगाच उकरतेय."

शमिका सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. बिघाड दिसला की तिला उत्साह येतो. "आई, तुम्ही नाही मेलात. कान बिघडलेत. ते नीलिमाचे आहेत अजून. परत बसवू."

"कसे?"

"हाका मारून. पण न सांगता. वेळ ठरवून मारली तर टेस्ट कसली?"

सोयराने चहा संपवला. कप ठेवला. "आधी ह्यांना विचारते. लिहिलं ह्यांनी होतं."

नंदकिशोररावांना गॅलरीत उभं केलं. त्यांनी घसा साफ केला. "सो..." म्हणाले आणि त्यांना खोकला लागला. परत धरलं. "सोय..." कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाही गं जमत. तोंडाला वळण नाही."

"विमानाची इंजिनं खोलून परत बसवत होतात ना? तीन अक्षरं बसत नाहीत तोंडात?"

"इंजिनाला काय, ते वळून बघत नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

म्हणून शमिका. पहिल्या दिवशी तीही दबकतच होती. सासूला नावाने हाक! "सोयरा," ती स्वयंपाकघराच्या दारातून पुटपुटली, आणि पुढे घाईघाईने "आई, सॉरी" म्हणाली. सोयराने वळून पाहिलं नाही. ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शमिकाने आवाज वाढवला. "सोयरा, कुकर!" काही नाही. कुकरची एक शिट्टी जास्त झाली. तिसऱ्या दिवशी "सोयरा, दार!" सोयराची मान अर्धी वळली आणि परत गेली. पुढे पुढे शमिकाला चव लागली. बाथरूममधून, लिफ्टमधून, मीटिंग मधेच म्यूट करून: "सोयरा! चष्मा कुठेय तुझा? सोयरा, उठ! सोयरा, भांडी तशीच पडलीत!"

"तू मजा करतेयस," सोयरा म्हणाली.

"मी घसा झिजवतेय, आई. माझ्या माहेरी कळलं तर मला परत शिकवणीला ठेवतील."

आठवड्याभराने सोयरा हाक पुरी व्हायच्या आत वळायला लागली. एकदा तर मारायच्या आधीच वळली. शमिकाने नुसता श्वास घेतला होता.

पण या इमारतीच्या स्वयंपाकघरांना मागे एक शाफ्ट आहे. त्यातून वास वर जातो आणि बोलणं सगळीकडे जातं. त्या शाफ्टमधून इमारतीला नवीन माहिती मिळाली: सोयरा म्हणजे खराड्यांच्या घरात राहून काम करणारी बाई. बिचारी. पहाटेपासून सून तिच्यावर ओरडते. नंदकिशोररावांची सवत-कथा एका दिवसात कोसळली. लिफ्टमध्ये ब्रिगेडियर आता छताकडे बघू लागला, आणि नव्या बुटांचं काय करावं हे नंदकिशोररावांना कळेना. सुलभाताईंनी तर दोन्ही बाजूंनी हळहळ केली. "नीलिमाताई इतक्या चांगल्या, पण कामवालीचं नाव दारावर लावायचं आणि तिला असं राबवायचं?"

एक दिवस इंटरकॉम वाजला. वरच्या मजल्यावरची एक बाई, आवाज दबका. "सोयरा है क्या? सुनो, वहाँ बहुत चिल्लाते हैं ना? हमारे यहाँ आ जाओ. अलग कमरा, टीवी, संडे छुट्टी."

सोयराने तिच्याच दबक्या आवाजात विचारलं, "नाम से बुलाओगे?"

"हाँ हाँ, और क्या!"

"सोचके बताती हूँ," म्हणून तिने इंटरकॉम ठेवला. "अहो, मला नोकरी आलीय. रविवारी सुट्टी, आणि नावाने हाक मारतील म्हणाली."

नंदकिशोरराव पेपर खाली ठेवून उभेच राहिले. "मग तू काय सांगितलंस?"

"विचार करून सांगते म्हटलं."

त्या रात्री नंदकिशोररावांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं.

आणि मग तक्रार गेलीच. बिननोंदीची मोलकरीण, पोलीस तपासणी नाही, वर छळ. शेषगिरी टॅब घेऊन आले. पाठोपाठ सुलभाताई, वरच्या मजल्यावरची ती टीव्हीवाली, दोन-चार बायका, ब्रिगेडियर, आणि तो मिक्सरवाला. दारात ही गर्दी. नंदकिशोररावांनी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे बाजूला झाले. शमिका कॉलवर.

शेषगिरींनी कुटुंबाकडे दुर्लक्ष केलं. अन्यायग्रस्त बाईशी थेट बोलायचं, असं ठरवून आले होते. त्यांनी उंबऱ्यातून आत तोंड करून, बँकेत टोकन पुकारत तशा खणखणीत आवाजात हाक मारली:

"सोयरा!"

"ओ! आले!"

आतून उत्तर इतकं पटकन आलं की ते देणारीलाही नंतर कळलं. भाकरीचं पीठ हाताला, पदर खोचलेला, सोयरा बाहेर आली. सगळे तिच्या मागे बघत होते, की आता कामवाली येईल. मागे कोणी नव्हतं.

"नीलिमा मॅडम?" शेषगिरी म्हणाले. "यारु... सोयरा यारु? कोण सोयरा?"

"नानु," सोयरा म्हणाली. मी. मग मराठीत, हिंदीत आणि पीठ भरलेल्या बोटाने पाटी दाखवत परत एकदा, सगळ्यांना पोचेल असं. "मी. मैं. ही. नीलिमा ह्या घरात राहायची, चांगली बाई होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हाक मारलीत सोयराला, आणि आली कोण ते बघितलंत. आता ॲपला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

शेषगिरी टॅबकडे बघत राहिले. टॅबमध्ये मालक होता, भाडेकरू होता, पाहुणा होता, नोकर होता. दारात उभ्या असलेल्या या बाईसाठी त्यात काही नव्हतं. त्यांनी तो बंद करून काखेत मारला. "पेपर येईपर्यंत," ते म्हणाले, "गेटला मी फोन करतो. माझ्या तोंडी हुकमावर. ॲपला सांगू नका, मॅडम."

टीव्हीवालीने हळूच विचारलं, "तो फिर आप नहीं आ रहीं?" सुलभाताई म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, की ह्याच सोयरा." मिक्सरवाल्याने कोणाचा मिक्सर ते विचारलं. कोणाचाच नव्हता. म्हणून चहा.

दुसऱ्यांदा केंद्रात गेले तेव्हा सोयराने कोणाशी भाकरीवर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुमकूरची एक बाई हुरड्याबद्दल फारच चुकीचं बोलली. सोयरा तिला समजावत होती, हातवारे करत होती, आणि खिडकीतल्या माणसाने 'सोय' एवढं म्हटलं असेल नसेल, ती वाक्य अर्धं टाकून खिडकीशी पोचली होती. अंगठे दिले, डोळे दिले, फोटो दिला. फोटोत ती कधी नव्हे ती हसतेय. पोचपावती मिळाली.

नंदकिशोरराव पावतीची झेरॉक्स काढून आणतो म्हणून कोपऱ्यावर गेले. चार प्रती, कारण सरकारी नोकरी केलेला माणूस एक काढतच नाही. सोयरा स्टॉपवर उभी. तेवढ्यात बेळ्ळंदूरची बस आली. पुढचं दार उघडलं, बायकांना तिकीट नाही, खिडकीची जागा रिकामी. ती चढली. सांगून चढायची तिला इतक्या वर्षांची सवय, पण त्या दिवशी ती सवय स्टॉपवरच उभी राहिली.

बस निघाली, म्हणजे रिंगरोडवर जेवढी निघते तेवढी. नंदकिशोरराव झेरॉक्स घेऊन आले, तर बायको स्टॉपवर नाही. पुढे बघतात तर बसच्या खिडकीत तिचा अंबाडा. ते निघाले. बस चालत होती, तेही चालत होते, आणि नवे बूट अखेर कामाला आले. खिडकीपाशी पोचून त्यांनी "अगं!" म्हटलं. बसमधल्या सहा-सात बायकांनी वळून पाहिलं. सगळ्या मराठी असाव्यात, किंवा सगळ्यांचे नवरे. अंबाडा हलला नाही.

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारी एक टँकर, मागे हजार गाड्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी झेरॉक्स छातीशी धरल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "सोयरा."

टँकरवाल्याने हॉर्न दिला.

"सोयरा!" डोळे उघडून. मग सगळा जीव एकवटून, "सोयराऽऽ!" टँकरवाल्याला राहवलं नाही, तोही ओरडला. कंडक्टर बाई सोयराच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "अक्का, निम्मनेना करीतिरोदु?" म्हणजे तुम्हालाच बोलावतात ना ते.

सोयराने तिला तोंडावर बोट ठेवून गप्प बस म्हणून खूण केली. ऐकू आलं होतं, पहिल्याच हाकेला, टँकरच्या हॉर्नच्या आतून, स्वच्छ. पण तिने मान वळवली नाही. सिग्नल अजून लांब होता, नंदकिशोररावांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं, आणि त्यांचा आवाज आता कुठे मोकळा होत होता.